ड्रोन आपणहून परततो तेव्हा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदा तालुक्याच्या पश्चिमेला घोड नदी आणि दक्षिणेला भीमा. या नद्यांचे आणि कुकडी-घोड कालव्यांचे पाणी जिथे पोचले तिथे ऊस उभा राहिला. विहिरी-बोअरच्या पाण्यावर लिंबाच्या बागा जगल्या. ऊस कमरेएवढा असेपर्यंत पाठीवरच्या पंपाने फवारणी जमते. तो दहा-बारा फुटांवर गेला की पाती अंग कापतात, सरीत पाय ठेवायला जागा उरत नाही आणि औषध शेंड्यापर्यंत पोचत नाही. अशा फडात फवारणीचा ड्रोन खरोखर उपयोगी पडतो. टाकी दहा लिटरची, एकराला साधारण तेवढेच पाणी लागते आणि एकर सात ते दहा मिनिटांत उरकतो.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देणारी 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. तिच्यात खर्चाच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान ठरवले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात ड्रोन चालवण्याचे प्रशिक्षणही मिळते. त्यामुळे रिमोट हातात धरणारे हात गावोगाव वाढत आहेत, आणि त्यांच्याबरोबर एक तक्रारही: ड्रोन जाताना नीट जातो, पण आपोआप परतताना भलतेच काहीतरी करतो. कधी न सांगता मागे वळतो. कधी यायचे सोडून आधी सरळ वर चढतो. कधी डोक्यावर गोल फिरत राहतो, तर कधी बांधापर्यंत न येता उसातच उतरतो.

अशा बहुतेक प्रसंगांत ड्रोनने त्याला सांगितलेलेच काम केलेले असते. त्याला दिलेली माहिती मात्र अपुरी किंवा चुकीची असते. म्हणून परतीतले दोष शोधायचे असतील तर परत येताना ड्रोन काय विचारात घेतो, हे क्रमाने समजून घेतले पाहिजे.

परत येणे म्हणजे काय

आपोआप परत येण्याला चालक 'आरटीएच' (रिटर्न टू होम) किंवा 'आरटीएल' (रिटर्न टू लाँच) म्हणतात. त्याचे टप्पे ठरलेले असतात. आदेश मिळताच ड्रोन जागीच थांबतो. ठरवून दिलेल्या उंचीपेक्षा खाली असेल तर आधी त्या उंचीपर्यंत सरळ वर चढतो. मग 'होम पॉइंट'च्या, म्हणजे त्याच्या नोंदलेल्या घराच्या, दिशेने सरळ रेषेत येतो, त्या बिंदूवर थोडा वेळ थांबतो आणि खाली उतरतो. आधीच जास्त उंचीवर असेल, तर अनेक यंत्रणांत तो त्याच उंचीवरून येतो.

पिकावरून दोन-तीन मीटरवर फवारणी करणारा ड्रोन 'रिटर्न' दाबताच आकाशात का झेपावला, याचे उत्तर इथेच मिळते. तो बिघाड नाही. त्याचप्रमाणे काही ड्रोन तोंड घराकडे करून येतात, काही आहे त्याच तोंडाने, म्हणजे पाठीने येतात. तोंड चालकाकडे करून येणाऱ्या ड्रोनला घाईघाईत रिमोटने वळवायला गेले तर डावे-उजवे उलटे होते आणि चालक स्वतःच त्याला झाडावर नेतो. आपला ड्रोन कोणत्या पद्धतीने येतो, हे त्याच्या पुस्तिकेत वाचून मोकळ्या रानात एकदा डोळ्यांनी पाहून ठेवावे.

न सांगता का वळला?

बटण न दाबता ड्रोन परत फिरला, तर त्यामागे बहुधा चारपैकी एक कारण असते: रिमोटचा संपर्क तुटला, बॅटरी ठरवलेल्या पातळीखाली गेली, आखून दिलेली हद्द ओलांडली गेली, किंवा टाकी रिकामी झाली.

उसाच्या फडात पहिले कारण फार आढळते. रिमोट आणि ड्रोन यांच्यातला संपर्क बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतो आणि पाणी या लहरी शोषून घेते. उसाचे पान म्हणजे पाणीच. पहाटेचे दव किंवा पावसाचा थर असला तर आणखीच. चालक बांधावर उभा, ड्रोन फडाच्या पलीकडच्या टोकाला शेंड्याजवळून उडतोय, आणि मध्ये दहा फुटी उसाची भिंत. संपर्क क्षणभर तुटतो आणि सुरक्षेचा नियम लागू होऊन ड्रोन परत निघतो. यावर उपाय सोपा आहे. मातीच्या ढिगावर, ट्रॉलीवर किंवा चढाच्या बाजूला उभे राहावे, म्हणजे ड्रोन सतत नजरेसमोर राहतो. रिमोटच्या अँटेनाचे टोक ड्रोनकडे रोखू नये. लहरी तिच्या टोकातून कमी आणि बाजूंनी जास्त पसरतात.

गोंधळ वाढवणारी गोष्ट पुढे घडते. संपर्क परत जुळला तरी अनेक यंत्रणांत परतीचा प्रवास आपोआप रद्द होत नाही. चालक दांडी हलवतो, ड्रोन ऐकत नाही, आणि रिमोट बिघडला असे वाटते. प्रत्यक्षात मोडचे बटण एकदा दुसरीकडे नेऊन परत आणावे लागते किंवा 'रद्द' दाबावे लागते. ही एक कृती माहीत नसल्यामुळे चांगले ड्रोन दुरुस्तीला जातात.

त्याचे घर कुठे?

बहुतेक ड्रोनसाठी मोटारी सुरू करताना ड्रोन जिथे उभा होता तीच जागा घर असते, आणि ती उपग्रहांच्या माहितीवरून नोंदली जाते. इथे तीन चुका वारंवार होतात.

पहिली, उपग्रह पुरेसे सापडण्याआधी उडवण्याची घाई. अशा वेळी घराची नोंद काही मीटर सरकलेली असते आणि ड्रोन बांधाऐवजी शेजारच्या विहिरीवर किंवा तारेवर उतरू पाहतो. दुसरी, जागा बदलण्याची. चालक एका बांधावरून उडवतो आणि फवारणी पुढे सरकते तसा चालत दुसऱ्या बांधावर जातो. ड्रोन मात्र पहिल्याच जागी परततो, जिथे आता ट्रॅक्टर, बैल किंवा औषध कालवणारी माणसे असू शकतात. तिसरी, मध्येच उतरवून पुन्हा उडवण्याची. नोझल तुंबले म्हणून ड्रोन फडातल्या मोकळ्या पट्टीत उतरवला, साफ केला आणि तिथूनच पुन्हा सुरू केला, तर आता ती पट्टीच त्याचे घर झाले.

उंची कशापासून मोजायची?

आर्डुपायलट या जगभर वापरल्या जाणाऱ्या खुल्या प्रणालीत परतीची मूळ उंची १५ मीटर असते. हा आकडा घरापासून मोजला जातो, ड्रोनच्या खाली त्या क्षणी असलेल्या जमिनीपासून नाही. नदीकाठच्या मळईत उभे राहून वरच्या माळावरच्या बागेत ड्रोन पाठवला आणि माळ आठ मीटर उंच असेल, तर बागेवर ड्रोनची खरी उंची सातच मीटर उरते. लिंबाच्या झाडावरून तो कदाचित निघेल. बांधावरच्या निंबाला किंवा चिंचेला मात्र धडकेल. जमिनीच्या चढ-उताराप्रमाणे उंची राखणारी सोय काही ड्रोनमध्ये असते, पण ती परतीच्या वेळीही चालू राहते का, हे तपासावे लागते.

सर्वांत मोठा धोका तारांचा. शेतीपंपाची लाईन, ११ हजार व्होल्टची लाईन, डीपीकडे गेलेला फाटा यांच्या तारा बारीक असतात. अडथळे ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांना आणि रडारला त्या नीट दिसत नाहीत. फवारणी बहुधा सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताच्या सुमाराला होते, तेव्हा कलता सूर्य थेट कॅमेऱ्यात येतो आणि उरलीसुरली दृष्टीही जाते. उड्डाणाआधी घर ते फड ही सरळ रेषा पायी चालून पाहावी. तिच्यावरच्या सर्वांत उंच वस्तूपेक्षा निदान दहा मीटर जास्त अशी परतीची उंची ठेवावी. रेषेत उच्चदाबाचे टॉवर येत असतील तर उडवण्याची जागाच बदलावी.

ड्रोन स्वतःची उंची मुख्यतः हवेच्या दाबावरून काढतो. आपल्या पठारावर दाब एक मिलिबारने बदलला तर हिशेबात सुमारे ९ मीटरचा फरक पडतो. वळवाच्या ढगाआधी थंड वारा सुटतो तेव्हा काही मिनिटांत एक-दोन मिलिबारचा बदल सहज होतो. दाब वाढला की आपण खाली उतरलो असे समजून ड्रोन वर चढतो. दाब घटला तर उलट, खरी उंची गमावतो. ईशान्येला ढग काळवंडले की ड्रोन खाली घेणे शहाणपणाचे, ते यासाठीही.

गोल फिरणाऱ्या ड्रोनचे होकायंत्र

आपण कुठे आहोत हे उपग्रह सांगतात. आपले तोंड कुठे आहे हे मात्र बहुतेक ड्रोन आतल्या चुंबकीय होकायंत्राला विचारतात. ते चुकले तर ड्रोन उत्तरेला जायचे म्हणून झुकतो आणि ईशान्येला सरकतो. चूक लक्षात येताच दुरुस्ती करतो आणि पुन्हा चुकतो. चूक थोडी असेल तर वाट वाकडी होते. जास्त असेल तर ड्रोन घराभोवती गोल फिरू लागतो आणि प्रत्येक फेरीला घेर वाढत जातो.

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र फार दुबळे आहे. आपल्याकडे ते साधारण ०.४ गॉस भरते. बोअरचा केसिंग पाइप, लोखंडी ट्रॉली, जीपचे टप किंवा स्लॅबमधल्या सळया त्याला सहज वळवतात. घराच्या स्लॅबवरून किंवा ट्रॉलीवरून ड्रोन उडवणे म्हणून टाळावे, आणि होकायंत्राची जुळणी मोकळ्या मातीत, खिशातला मोबाइल बाजूला ठेवून करावी. ट्रॉलीवर उभे राहायचे ते चालकाने, ड्रोनने नव्हे.

ड्रोनच्या पोटातही एक शत्रू असतो. भरल्या टाकीचा फवारणी ड्रोन उचलताना बॅटरीच्या तारांतून शंभर अँपियरच्या आसपास प्रवाह जाऊ शकतो. अशा एकट्या तारेचे चुंबकीय क्षेत्र दहा सेंटिमीटरवर सुमारे २ गॉस असते, म्हणजे पृथ्वीच्या पाचपट. धन आणि ऋण तारा एकमेकींना पीळ देऊन ठेवल्या की त्यांची क्षेत्रे परस्परांना खोडतात. होकायंत्र उंच दांड्यावर बसवतात तेही याच कारणाने. दुरुस्तीनंतर पीळ सुटला किंवा दांडा तिरपा बसला, तर आधी सरळ येणारा ड्रोन वाकडा येऊ लागतो. दुरुस्तीनंतरच दोष सुरू झाला असेल तर पहिला संशय इथे घ्यावा.

विजेमुळे चुंबकीय मोजणी बिघडते, हे महाराष्ट्रात शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच ओळखले गेले होते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेची ट्राम येणार असे ठरले, तेव्हा तिच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून नवी वेधशाळा अलिबागला, चुंबकत्व नसलेला दगड वापरून बांधली. १९०४ पासून तिथे मोजणी सुरू झाली आणि दोन्ही ठिकाणच्या नोंदी काही काळ ताडून पाहिल्यानंतर १९०६ मध्ये कुलाब्याचे काम थांबवले. चुंबकमापक कुठे ठेवायचा हा प्रश्न त्या शास्त्रज्ञांनी जितका गंभीरपणे घेतला, तितक्याच गंभीरपणे तो आज बांधावरच्या चालकाने घ्यायला हवा.

उपग्रह दिसतात, पण खरे दिसतात का?

पत्र्याचे शेड, पॉलिहाऊस किंवा दाट झाडी यांच्याजवळ उपग्रहांचे संदेश परावर्तित होऊन उशिरा पोचतात. पडद्यावर उपग्रहांची संख्या भरपूर दिसते, तरी जागा काही मीटरने चुकते. जमिनीवरच्या जागेपेक्षा उंचीची चूक आणखी जास्त असते. उघड्या आकाशाखाली उडवले तर हा दोष बराच कमी होतो.

कधी कारण सूर्यावर असते. १० आणि ११ मे २०२४ ला पृथ्वीवर दोन दशकांतले सर्वांत तीव्र चुंबकीय वादळ आले. त्या दिवसांत अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात उपग्रहांच्या आधारे पेरणी करणाऱ्या ट्रॅक्टरांच्या ओळी चुकल्या आणि अनेक शेतकऱ्यांनी काम थांबवले. उष्ण कटिबंधात सूर्यास्तानंतरच्या काही तासांत वरच्या वातावरणातल्या विद्युतभारित थरात खळबळ होते, आणि सौर सक्रियतेच्या वर्षांत तिचा त्रास वाढतो. एकाच संध्याकाळी वेगवेगळ्या कंपन्यांचे ड्रोन डगमगू लागले, तर यंत्र उघडण्याआधी हे कारण ध्यानात घ्यावे.

बॅटरी आणि आषाढाचा वारा

श्रीगोंदा पर्जन्यछायेत आहे. जून-जुलैत पाऊस कमी पडतो, पण पश्चिमेचा वारा दिवसभर वाहतो. ठरलेल्या टक्क्यांवर बॅटरीचा हिशेब करणाऱ्याला हा वारा फसवतो. समजा, ड्रोनची हवेतली कमाल गती सेकंदाला ८ मीटर आहे आणि समोरून वारा ५ मीटरने येतो. मग तो जमिनीवरून सेकंदाला ३ मीटरच पुढे सरकतो. वारा नसता तर ४०० मीटर अंतर ५० सेकंदांत कापले असते. आता सव्वादोन मिनिटे लागतात. शिवाय परतीसाठी तो वर चढलेला असतो, आणि उंचीवर वाऱ्याचा जोर जास्त असतो. म्हणून परतीसाठी बॅटरी राखताना समोरच्या वाऱ्याचा हिशेब धरावा.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. लिथियम पॉलिमर बॅटरीचा एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. चढताना प्रवाह वाढतो आणि जुन्या किंवा गार बॅटरीचे व्होल्टेज क्षणात खाली बसते. बहुतेक यंत्रणांत दोन पातळ्या असतात: पहिलीला ड्रोन परत निघतो, दुसरीला आहे तिथेच उतरतो. पहिल्या पातळीवर परत निघालेला ड्रोन चढण्याच्या श्रमातच दुसरीपर्यंत घसरतो आणि उसात उतरतो. थंडीच्या सकाळी असे वारंवार घडत असेल, तर बॅटरी सावलीत पण कोमट ठेवावी, पहिली पातळी थोडी वर न्यावी आणि फुगलेली बॅटरी वापरातून कायमची काढावी.

शेवटचे दहा मीटर

उतरताना ड्रोन खालच्या सेन्सरने जमीन शोधतो. खाली उसाचे शेंडे असतील तर तो शेंड्यांनाच जमीन समजतो. शेततळ्यावर परिस्थिती आणखी वाईट. चमकणारे पाणी आणि काळा प्लास्टिक कागद कॅमेऱ्याला एकही ठसठशीत खूण देत नाहीत, आणि लेझरचा किरण पाण्यावरून नीट परत येत नाही. घर शेततळ्याच्या काठावर, कालव्याच्या भरावावर किंवा उसाच्या कडेला नसावे. चारही बाजूंना काही मीटर मोकळी, टणक, शक्यतो भिजवलेली जमीन असावी. म्हणजे धूळ मोटारींत जात नाही.

त्या क्षणी आणि त्यानंतर

ड्रोन अनपेक्षित वागू लागला की आधी माणसे आणि जनावरे दूर करावीत. नुसता नको त्या वेळी परत येत असेल, तर परती रद्द करून त्याला जागेवर थांबवावे. गोल फिरत असेल तर उपग्रहांवर अवलंबून नसलेला, फक्त उंची राखणारा मोड लावावा आणि हाताने आणावे. होकायंत्र चुकलेले असताना पुन्हा पुन्हा 'रिटर्न' दाबल्याने घेर फक्त वाढतो. म्हणूनच हा हाताने चालवण्याचा सराव प्रत्येकाला हवा. नकाशावर रेषा काढून उडवणाऱ्यालाही.

उतरल्यावर काहीही बदलण्याआधी उड्डाणाची नोंद, म्हणजे लॉग, उतरवून घ्यावा. त्यात मोड कोणत्या क्षणी आणि कोणत्या कारणाने बदलला, तेव्हा व्होल्टेज किती होते, उपग्रह किती दिसत होते, होकायंत्राचे आकडे प्रवाहाबरोबर हलत होते का, हे सगळे असते. चार प्रश्न क्रमाने विचारावेत: तो का वळला? त्याचे घर कुठे नोंदले होते? उंची किती होती? दिशेचा आणि बॅटरीचा हिशेब जुळत होता का? संशय पक्का झाल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि रिकाम्या टाकीने, तीस मीटरवरून परतीची चाचणी घ्यावी. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या तर दोष गेला तरी कारण कळत नाही, आणि कारण न कळलेला दोष परत येतो.

कायद्याचाही भाग आहे. ड्रोन नियम २०२१ नुसार नॅनो, म्हणजे सर्वांत हलका, वर्ग सोडून इतर ड्रोनना त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा लागतो आणि अपघाताची माहिती ४८ तासांत डिजिटल स्काय या पोर्टलवर द्यावी लागते. ड्रोनच्या हवाई नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात उंचीची मर्यादा ४०० फूट, म्हणजे १२० मीटर. अहिल्यानगर जिल्ह्यात लष्कराची मोठी ठिकाणे असल्याने नकाशावरचे क्षेत्र प्रत्येक नव्या गावी तपासले पाहिजे.

ड्रोन दीदी असो की भाड्याने फवारणी करणारा तरुण, सर्वांना एकच आग्रहाची विनंती. रोजच्या पहिल्या बॅटरीवर, औषध भरण्याआधी, परतीची एक चाचणी घ्या. घर, उंची, वाऱ्याची दिशा आणि बॅटरीची पातळी या चार गोष्टी मोठ्याने बोलून सोबतच्या माणसाकडून तपासून घ्या. याला दोन मिनिटे लागतात, आणि परतीच्या वाटेवरचे बहुतेक अपघात या दोन मिनिटांतच टळतात.